एकाच नावाच्या ऐतिहासिक व्यक्ती वेगळ्या कशा ओळखाव्यात

जुन्या पत्रात नुसते ‘बाजीराव’ किंवा ‘नाना’ लिहिलेले असते. वाचणारा आपल्या ओळखीचा बाजीराव तिथे बसवतो आणि पुढे जातो. त्याच्यावर विसंबून दुसरा लिहितो, दुसऱ्यावर तिसरा, आणि दोन माणसांची कामे एकाच्या खात्यावर जमा होतात. अशी गफलत पुढे उघडकीला आली तरी निस्तरणे फार जड जाते, कारण तोवर तारखा, नाती आणि मोहिमा एकमेकांत पार गुंतलेल्या असतात. उलट एकाच माणसाच्या चुकून दोन नोंदी झाल्या, तर पुरावा हाती आल्यावर त्या सहज एकत्र करता येतात. म्हणून या कामाचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम असा: नुसते नाव जुळले म्हणून दोन नोंदी जोडायच्या नाहीत. जोडायला पुरावा लागतो, वेगळे ठेवायला लागत नाही.

खाली दिलेली पद्धत मुख्यतः मराठ्यांच्या इतिहासातील उदाहरणांवर बेतली आहे, कारण नामसाधर्म्याचे जवळजवळ सगळे प्रकार तिथे सापडतात. पद्धत मात्र कुठल्याही देशाच्या आणि काळाच्या इतिहासाला लागू पडते.

नोंद उल्लेखाची करा, माणसाची नंतर

तक्ता आखताना ‘एका माणसाला एक ओळ’ असा आखू नका. एका उल्लेखाला एक ओळ द्या. एकाच पत्रात शाहू, बाजीराव आणि चिमाजी अशी तीन नावे आली तर तीन ओळी. रकाने असे ठेवा: नाव जसे लिहिले आहे तसेच, काना-मात्रा न बदलता, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, हुद्दा, ठिकाण, तारीख मूळ कालगणनेत, तीच तारीख इसवी सनात, त्याच कागदातील सोबतची नावे, आणि कागद अस्सल आहे, नक्कल आहे की छापील प्रत. ‘ही व्यक्ती कोण’ हा रकाना शेवटचा, आणि तो सुरुवातीला कोराच ठेवायचा. तो आधी भरला की बाकीचे रकाने नकळत त्याला जुळतील असे भरले जातात. या कामातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

दोन ओळी एकाच माणसाच्या मानण्यासाठी तीन गोष्टी जुळायला हव्यात. वडिलांचे नाव (किंवा आडनाव आणि हुद्दा दोन्ही). तारीख त्या माणसाच्या हयातीत बसणे. आणि ठिकाण किंवा सोबतची माणसे यांपैकी एक. दोनच जुळत असतील तर ‘बहुधा’ लिहा आणि ओळी वेगळ्याच राहू द्या.

वडिलांचे नाव

मराठी कागदांची मोठी सोय म्हणजे नावापाठोपाठ येणारे वडिलांचे नाव. पेशव्यांपुरते बोलायचे तर ‘पहिला’, ‘दुसरा’ या शब्दांची गरजच पडत नाही. बाळाजी विश्वनाथ (पेशवेपद १७१३ ते १७२०), बाजीराव बल्लाळ (१७२० ते १७४०), बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब (१७४० ते १७६१), माधवराव बल्लाळ (१७६१ ते १७७२), माधवराव नारायण म्हणजे सवाई माधवराव (१७७४ ते १७९५), बाजीराव रघुनाथ (१७९६ ते १८१८). बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा. पण बाजीराव बल्लाळ आणि माधवराव बल्लाळ यांचे बाळाजी वेगवेगळे आहेत. एकाचे वडील बाळाजी विश्वनाथ, दुसऱ्याचे बाळाजी बाजीराव. त्यामुळे फक्त ‘बल्लाळ’ पाहून पिढी ठरवू नका.

मोरोपंत या नावाचेही तसेच. शिवकालातील पेशवे मोरोपंत त्रिंबक पिंगळे, आर्याभारत रचणारे कवी मोरोपंत रामचंद्र पराडकर (१७२९ ते १७९४) आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे हे तिघे काळाने इतके दूर आहेत, की साधारण शतक कळले तरी पुरते. कान्होजी जेधे आणि कान्होजी आंग्रे यांच्यातही गोंधळ व्हायचे कारण नाही. अशा सोप्या जोड्यांवर वेळ घालवू नका. एका ओळीत निकाल लावून अवघड जोड्यांकडे वळा.

अवघड जोड्या तयार होतात त्या आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीने. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. बाजीराव बल्लाळांचा नातू बाजीराव रघुनाथ. शिवाजी महाराजांच्या नातवांत ताराबाईंचा मुलगा शिवाजी आहेच, शिवाय साताऱ्याच्या शाहू महाराजांचे मूळ नावही शिवाजीच. आजोबा आणि नातू यांच्यात साधारण पन्नास-साठ वर्षांचे अंतर पडते. हा साठचा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो फार त्रास देणार आहे.

तारीख इसवी सनात आणताना

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. पण तिथी जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची असेल तर ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या जुन्या तारीखवार नोंदींत) शके १५५१, शुक्लनाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. फाल्गुन असल्याने १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. तारीख १९ फेब्रुवारी. ७८ मिळवले तर वर्ष एकाने चुकते.

संवत्सराचे नाव ही ताळा करण्याची फुकट सोय आहे. अशी साठ नावे एकापाठोपाठ येतात आणि साठ वर्षांनी तेच चक्र पुन्हा सुरू होते. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, ६० ने भागून बाकी ३, तिसरा संवत्सर शुक्ल. जुळले. राज्याभिषेकाचे शक १५९६ घ्या: १६०८, बाकी ४८, आनंद संवत्सर. तेही जुळले. जुळले नाही तर नकलकाराचा आकडा चुकला आहे, छापताना चूक झाली आहे किंवा कागदच संशयास्पद आहे. जुन्या शिलालेखांत मात्र चालू वर्ष लिहिले की सरलेले वर्ष, यामुळे एका वर्षाचा फरक पडू शकतो; तेवढ्यावरून लेख खोटा ठरवू नका.

पेशवेकालीन कागदांवर बहुतेक वेळा शुहूर सन (त्या काळी दप्तरात वापरली जाणारी कालगणना) असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. हे शब्द पाठच करावेत: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०, मग अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. एकं आधी, मग दहं, मग शेकडा, मग हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. शुहूर वर्ष मृग नक्षत्र लागते तेव्हा, म्हणजे साधारण जूनच्या सुरुवातीला, सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ११६१ अधिक ६००. लेखनात सीत-सितैन, सबा-सबैन, तिसा-तिसैन ही जोडनावे मोडीत घाईने लिहिलेली असली की फसवतात. शंका आली तर तिथी आणि वार पंचांगाशी ताडून पाहा.

साठ वर्षांचा सापळा

आता हे प्रत्यक्षात किती फसवे होऊ शकते ते पाहा. समजा हाती असा कागद आला, की त्यावर शकाचा आकडा फाटला आहे, ‘कालयुक्तनाम संवत्सर’ एवढे शिल्लक आहे. आत बाजीराव, त्यांचे बंधू चिमाजी आणि सातारचे शाहू महाराज यांचे उल्लेख आहेत. कोणीही म्हणेल, हा १७३८ चा कागद. शके १६६० अधिक १२, बाकी ५२, बावन्नावा संवत्सर कालयुक्त. सगळे जुळते.

पण शके १७२० सुद्धा कालयुक्तच. तेव्हा, म्हणजे १७९८ मध्ये, पेशवे बाजीराव रघुनाथ आहेत. त्यांच्या धाकट्या भावाचे नाव चिमाजी. तो १७९६ मध्ये सवाई माधवरावांच्या पत्नी यशोदाबाईंना दत्तक देऊन काही काळ पेशवेपदावरही बसवला गेला होता. आणि साताऱ्याच्या गादीवर १७७७ ते १८०८ या काळात दुसरे शाहू आहेत. संवत्सर तेच, राजाचे नाव तेच, पेशव्याचे नाव तेच, भावाचे नावही तेच. तीन नावे जुळली म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही, कारण ही तिन्ही नावे घराण्यात पुन्हा पुन्हा आलेली आहेत. घराण्याबाहेरची नावे शोधा.

निकाल लावणाऱ्या गोष्टी अशा. शुहूर सन वाचता आला तर प्रश्न तिथेच मिटतो: १७३८ च्या पावसाळ्यात तो ‘तिसा सलासीन मया व अलफ’ (११३९) असेल, १७९८ च्या पावसाळ्यात ‘तिसा तिसैन मया व अलफ’ (११९९). फरक एका शब्दाचा, तो भिंग लावून वाचा. शिक्का उमटलेला असेल तर पेशव्याच्या नावापुढे बल्लाळ आहे की रघुनाथ ते पाहा. दोन्ही नसेल तर सरदार पाहा: राणोजी शिंदे, पिलाजी जाधवराव आले तर पहिला काळ, दौलतराव शिंदे, यशवंतराव होळकर आले तर दुसरा. नुसते ‘शिंदे’, ‘होळकर’ असेल तर त्याचा उपयोग नाही. शेवटी तिथी आणि वार. एकच तिथी साठ वर्षांच्या अंतराने त्याच वारी येईलच असे नाही, त्यामुळे वार लिहिलेला असेल तर दोनांपैकी एक वर्ष बहुधा गळते.

शिक्के

शिक्का हा नामसाधर्म्यावरचा उत्तम उतारा आहे, कारण तो बनवतानाच वंश सांगण्याची काळजी घेतलेली असते. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ म्हणजे शहाजींचा पुत्र शिव असे स्पष्ट आहे. संभाजी महाराजांच्या मुद्रेत ‘श्री शंभोः शिवजातस्य’, म्हणजे शिवाचा पुत्र शंभू. हे महत्त्वाचे ठरते, कारण संभाजी नावाच्या व्यक्ती थोड्याथोडक्या नाहीत: कनकगिरीला मारले गेलेले शिवाजी महाराजांचे थोरले बंधू, स्वतः छत्रपती संभाजी महाराज (१६५७ ते १६८९), कोल्हापूरचे राजारामपुत्र संभाजी (कारकीर्द १७१४ ते १७६०, वारणेचा तह यांच्याशी झाला), शिवाय संभाजी कावजी आणि संभाजी आंग्रे.

पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आणि पेशव्याचे वडिलांसह नाव अशी जोडी असते. एक नाव काळाची एक मर्यादा देते, दुसरे दुसरी. दोन्हींचा जिथे मेळ बसतो तेवढीच वर्षे तुमच्या कामाची. मात्र शिक्का फक्त अस्सल कागदावर असतो. नकलेत तो नसतो, किंवा नकलकाराने मजकूर स्मरणाने भरलेला असतो. वतनाच्या भांडणात पुढे केलेले कागद तर विशेष जपून वापरा. जुन्या आणि मोठ्या नावाची सनद बनवणे यात फायदा असायचा, त्यामुळे बनावट कागद याच प्रकारात जास्त निघतात.

‘पहिला’, ‘दुसरा’ कोणत्या यादीतला

हे क्रमांक बहुतेक वेळा नंतरच्या इतिहासकारांनी लावलेले असतात, आणि यादी बदलली की क्रमांक बदलतो. ताराबाईंचे पुत्र शिवाजी मराठा छत्रपतींच्या यादीत दुसरे, पण कोल्हापूरच्या गादीची यादी त्यांच्यापासून सुरू केली तर पहिले. कोल्हापूरच्या संभाजींचेही तेच. कोल्हापुरात पुढे १७६२ ते १८१३ आणि १८३८ ते १८६६ या काळात राज्य केलेले आणखी शिवाजी आहेत. तंजावरच्या गादीवरही १८३२ ते १८५५ असे एक शिवाजी होते. तेव्हा ‘तिसरे शिवाजी’ एवढे लिहिले तर वाचकाला काहीच कळत नाही. राजाराम नावाचीही तीच गत: शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम (१६७० ते १७००), साताऱ्याचे रामराजा (कारकीर्द १७४९ ते १७७७), १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्स येथे वारलेले कोल्हापूरचे राजाराम आणि १९२२ ते १९४० या काळातले कोल्हापूरचेच राजाराम.

युरोपातही हीच अडचण आहे. स्कॉटलंडचा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला आणि तिथे तो पहिला जेम्स ठरला, माणूस एकच. पोप जॉन तेविसावे हे नाव १९५८ मध्ये रोंकाली यांनी घेतले, पण पंधराव्या शतकात कोसा नावाच्या दावेदारानेही तेच नाव आणि तोच क्रमांक लावला होता. तो अधिकृत यादीत धरला जात नाही. त्याच यादीत विसावा जॉन मात्र नाहीच, कारण मध्ययुगात मोजणी चुकली. म्हणजे क्रमांकातला खंड हा हरवलेल्या माणसाचा पुरावा नव्हे.

व्यवहारातला नियम सोपा आहे. क्रमांकासोबत गादी आणि कारकीर्द लिहा: ‘कोल्हापूरचे शिवाजी (१७६२ ते १८१३)’. वर्षे लिहिली की क्रमांक चुकला तरी माणूस चुकत नाही.

टोपणनावे आणि पदव्या

नाना, भाऊ, दादा, आप्पा ही घरातली नावे. प्रत्येक मोठ्या घरात ती होती. १७६० च्या पत्रातले ‘भाऊसाहेब’ म्हणजे सदाशिवराव, ‘दादासाहेब’ म्हणजे रघुनाथराव हे पेशव्यांच्या दप्तरापुरते ठीक. दुसऱ्या घराच्या कागदात ते त्या घरचे भाऊ आणि दादा असतात. म्हणून टोपणनाव वाचताना पत्र कोणी कोणाला लिहिले ते आधी पाहा.

‘आप्पासाहेब’ हे नाव विशेष त्रासदायक आहे: १८१८ मध्ये पदच्युत झालेले नागपूरचे मुधोजी भोसले आप्पासाहेब, साताऱ्याचे शहाजी (१८३९ ते १८४८) हेही आप्पासाहेब. ‘नानासाहेब’ म्हणजे १७६१ मध्ये वारलेले पेशवे बाळाजी बाजीराव, आणि १८५७ चे धोंडोपंत, ज्यांना बाजीराव रघुनाथांनी दत्तक घेतले. त्यात नाना फडणवीस (बाळाजी जनार्दन) धरले की तिघे झाले, आणि यांपैकी दोघांचे खरे नाव बाळाजी! १७६० च्या आसपासच्या कागदात या दोघांची गल्लत सहज होते. तिथे हुद्दा पाहा: हुकूम देणारा पेशवा, हिशेब ठेवणारा फडणीस.

इंग्रजी कागदांवरून काम करताना आणखी एक धोका असतो. तिथल्या वर्णलेखनात महादजी, माधवजी, मुधोजी ही नावे एकमेकांच्या इतकी जवळ येतात, की महादजी शिंदे आणि नागपूरचे मुधोजी भोसले (वरचे आप्पासाहेब नव्हेत, आधीच्या पिढीचे) यांची अदलाबदल होऊ शकते. शिवाय महादजींना माधवरावही म्हणत, आणि त्यांच्याच काळात पेशवा सवाई माधवराव होता. आडनाव आणि मुक्काम दिसेपर्यंत ओळख ठरवू नका.

पदव्यांचे काम याहून निसरडे. ‘विक्रमादित्य’ ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची पदवी, बदामीच्या आणि कल्याणीच्या चालुक्यांत मात्र ते राजांचे नावच होते. चंद्रगुप्त मौर्य आणि गुप्त घराण्यातले चंद्रगुप्त यांच्यात सहा शतकांहून जास्त अंतर आहे; भोज म्हटले तर नवव्या शतकातला प्रतिहार मिहिरभोज की अकराव्या शतकातला धारचा परमार भोज, हे विचारावेच लागते.

एकाच लेखात दोघे भास्कर

गणिती भास्कर दोन प्रसिद्ध आहेत. सातव्या शतकातल्या भास्कराने ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिले. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला आणि लीलावती हा त्याचाच भाग. ग्रंथाचे नाव कळले की दोघे वेगळे होतात. पण चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे आणि त्यात कित्येक पिढ्या आधीचे एक भास्करभट्ट येतात, ज्यांना राजा भोजाने विद्यापती ही पदवी दिली. घाईने वाचणारा भास्कराचार्यांनाच भोजाच्या दरबारात नेऊन बसवतो. वंशावळ वाचताना प्रत्येक नावाला पिढीचा आकडा द्या. तेवढ्याने हा घोटाळा टळतो.

स्त्रियांची नावे

स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुप्पट होते. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, वडिलांच्या नावाची जागा पतीचे नाव घेते, आणि कागदात बहुधा नुसते नाव असते. म्हणून प्रत्येक स्त्रीच्या नोंदीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि लग्नाचे वर्ष असे तीन जादा रकाने हवेत. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५ ते १८८७) माहेरच्या यमुना. आनंदीबाई कर्वे आधीच्या गोदूबाई. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई त्यांच्याहून शंभर वर्षे आधीच्या. जिजाबाई म्हटले की राजमाता आठवतात, पण कोल्हापूरच्या संभाजींच्या पत्नी जिजाबाईंनीही १७७३ पर्यंत कारभार पाहिला. ‘जिजाबाईंची सनद’ हाती आली तर आधी शतक पाहा.

सगळ्यांत कठीण जोडी मात्र रमाबाईंची. थेऊरला १७७२ मध्ये सती गेलेल्या पेशव्यांच्या रमाबाई आणि रमाबाई आंबेडकर (१८९८ ते १९३५) काळाने वेगळ्या काढता येतात. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) आणि रमाबाई रानडे (निधन १९२४) यांचे तसे नाही. दोघी एकाच काळातल्या, दोघी काही वर्षे पुण्यात, दोघींचे काम स्त्रीशिक्षणाचे, १८८२ च्या आर्य महिला समाजाशी दोघींचा संबंध, आणि ओळखीची माणसेही तीच. वडिलांचे नाव, ठिकाण, विषय, सोबतची नावे हे सगळे निकष इथे लंगडे पडतात.

अशा वेळी ‘कोण कुठे नव्हती’ ते शोधा. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला, आणि १८८९ मध्ये परतल्या. मधल्या वर्षांतल्या पुण्याच्या सभेत ‘रमाबाईंनी भाषण केले’ असे असेल, तर त्या पंडिता रमाबाई असूच शकत नाहीत. हा पुरावा एवढेच सिद्ध करतो. त्या रमाबाई रानडेच होत्या हे वेगळे सिद्ध करायचे, कारण तिसरी रमाबाई असू शकते. १८८९ नंतर संस्थेचे नाव मदतीला येते: शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती मिशन म्हणजे पंडिता रमाबाई, सेवासदन म्हणजे रमाबाई रानडे. १८८२ च्या एका वर्षापुरता प्रश्न बाकी राहतो. तिथे ‘पंडिता’, ‘सौ.’, ‘माधवरावांच्या पत्नी’ (इथे माधवराव म्हणजे न्यायमूर्ती रानडे) अशा विशेषणावाचून ओळख ठरवू नका.

कवींची नाममुद्रा

अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ आले म्हणजे तो संत नामदेवांचा (१२७० ते १३५०) असे होत नाही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेला, आणि त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत. नामदेवही स्वतःला विष्णुदास म्हणवतात, त्यामुळे मुद्रेवरून निवाडा होत नाही. आत उल्लेखलेली माणसे पाहा: नामदेवांनंतरच्या संताचे नाव असेल तर अभंग त्यांचा नाही. हस्तलिखित किती जुने ते पाहा. भाषेवर एकट्या विसंबू नका. अभंग तोंडातोंडी चालत आले, गाणाऱ्याने जुने रूप नवे करून टाकले, म्हणून नवी भाषा म्हणजे नवा कवी हे खरे ठरत नाही. जुनी रूपे टिकली असतील तर ती जुनेपणाच्या बाजूने थोडे वजन देतात, इतकेच.

मुद्दाम घेतलेले नाव

तोतयांसाठी स्वतंत्र ओळ ठेवा. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक माणूस पुढे आला आणि १७७६ मध्ये कोकणात त्याने मोठा उठाव केला. त्याच्या बाजूच्या कागदात तो ‘भाऊसाहेब’च असतो. १४ जानेवारी १७६१ नंतरच्या तारखेला सदाशिवराव दिसले तर नोंद तोतयाकडे वळवा, पण मूळ शब्द बदलू नका. रशियात झार इव्हानचा मुलगा दिमित्री म्हणून एकामागोमाग एक तोतये उभे राहिले; तिथे तोतयांनाच क्रमांक द्यावे लागले.

उलटी चूक

एका माणसाला दोन करणे ही चूकही होते, आणि तिचे नेहमीचे कारण दत्तक. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक जाऊन शाहू झाले. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याचे सयाजीराव झाले. नावही बदलते आणि वडिलांचे नावही, त्यामुळे वर सांगितलेला सगळ्यांत भरवशाचा निकषच उलटा फिरतो. रोममध्येही हेच: थोरला प्लिनी ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मेला, त्या उद्रेकाचे वर्णन लिहिणारा धाकटा प्लिनी त्याचा भाचा, आणि प्लिनी हे नाव त्याच्याकडे दत्तकामुळे आले.

दुसरे कारण जन्मतारखांचा वाद. शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष १६२७ आणि १६३० असे दोन्ही छापलेले सापडते. वर्षे दोन म्हणून माणसे दोन होत नाहीत. एका वर्षाचा फरक तर बहुधा शक-शुहूरच्या रूपांतरातूनच आलेला असतो. याच्या विरुद्ध टोकाला, एकाच नावाची कारकीर्द साठ वर्षांहून लांब दिसू लागली तर मधे आजोबा संपून नातू सुरू झाला आहे का ते तपासा.

लिहिताना

पहिल्या उल्लेखात पूर्ण ओळख द्या: बाजीराव रघुनाथ, पेशवे १७९६ ते १८१८. त्यानंतर त्या प्रकरणापुरते ‘बाजीराव’ चालेल. नवे प्रकरण सुरू झाले की पुन्हा पूर्ण. अवतरणात मूळ शब्द ठेवा आणि आपली ओळख चौकटी कंसात द्या. मूळ पत्रात नसलेला ‘पहिला’ अवतरणात घुसवणे ही चूक छापील साधनांत सर्रास दिसते, आणि पुढचा वाचक तो शब्द पत्रातलाच समजतो.

सूचीत एकाच नावाच्या व्यक्ती नावाच्या नव्हे, तर हयातीच्या क्रमाने लावा आणि प्रत्येकीपुढे ओळखीचा एक शब्द द्या: शाहू (सातारा, १६८२ ते १७४९), शाहू (सातारा, कारकीर्द १७७७ ते १८०८), शाहू (कोल्हापूर, १८७४ ते १९२२). चित्र लावताना हीच सूची समोर ठेवा. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला, त्यामुळे शाहूंचे म्हणून छायाचित्र दाखवले तर ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे असू शकते, साताऱ्याच्या दोघांचे कधीही नाही.

ज्या उल्लेखांचा निकाल लागला नाही ते सूचीत शेवटी ‘शाहू (कोणते ते अनिश्चित)’ अशा ओळीखाली पानांच्या आकड्यांसह ठेवा. ते सोयीस्कर नावाखाली लपवलेत, तर नवा कागद सापडल्यावर कोणती पाने पुन्हा तपासायची हे कोणालाच कळणार नाही.